रविवारचं कोडं आणि दोन दुखरे गुडघे

मेहकरच्या मार्तंडरावांनी बायकोच्या भाचीचा साखरपुडा गुडघ्याच्या नावावर बुडवला. गुडघा चांगला ठणठणीत होता. पण रविवार होता, आणि रविवारच्या पेपरात ते अवघड शब्दकोडं होतं. पुण्याचे व्याही मुकुंदरावही तेच कोडं सोडवायचे. ज्याचं आधी सुटेल त्यानं बाराच्या आत दुसऱ्याला फोन करून पिडायचं, हा दोघांचा रिवाज. आज तर पैजच होती. हरणाऱ्यानं नातवाच्या वाढदिवसाला चारचौघांत म्हणायचं, 'व्याही, मानलं तुम्हाला!'

"चहाची भांडी तरी इसळून ठेवा," असं बजावून पत्नी पद्मजाबाई साखरपुड्यासाठी अमडापूरच्या एसटीत बसल्या.

मार्तंडरावांनी ऐटीत पेन उघडलं आणि नेहमीसारखं मोठ्यांदा वाचलं, "नवी असली की चावते, जुनी झाली की झिजते. तीन अक्षरं. वा रे पठ्ठ्या, काय डोकं लावलं!"

एरवी एवढ्यात फोडणीच्या आवाजातून उत्तर यायचं आणि "मले माहीतच होतं," म्हणत ते लिहून टाकायचे. आज स्वयंपाकघर गप्प होतं. शेवटी पाणी प्यायला उठले, स्वतःच्याच चपलेवर अडखळले, तेव्हा कुठं 'चप्पल' सुचलं.

या वेगानं दिवाळी उजाडली असती. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अहो, इथं अंगठी घालून राह्यले!"

"एकच सांग. तुमचंच असते, पण वापरतात लोक. दोन अक्षरं!"

"नाव! ठेवा आता."

पुढच्या वेळी तिनं फोन उचललाच नाही. मग मेहुण्याला, रामरावला लावला. रामराव हौशी माणूस. त्यानं कोड्यातलं पुढचं सूत्र मांडवात ओरडून सांगितलं. झालं! मुलाचे काका एक सांगू लागले, मुलीचे मामा दुसरंच. भटजीही मंत्र सोडून अक्षरं मोजायला लागले. तेवढ्यात पद्मजाबाईंनी फोन हिसकावला.

"लाज वाटू द्या जरा! पोरगी कवाची हात पुढं करून उभी हाये!"

कोडं अर्धंच राहिलं. बारा वाजायला आले आणि पुण्याचा फोन वाजला. मार्तंडरावांनी नाइलाजानं तो उचलला.

"मार्तंडराव," पलीकडून मऊ आवाज आला, "ते सतरा उभं... सहज विचारतोय हो."

"काऊन? विहीणबाई कुठं हाये?"

"कालच अमडापूरला गेल्यात. मीही येणार होतो, पण हा गुडघा..."

मार्तंडराव स्वतःच्या ठणठणीत गुडघ्याकडं बघू लागले. तेवढ्यात दोन्ही फोनवर एकच फोटो आला. मांडवात दोघी विहिणी खेटून बसलेल्या, मांडीवर पेपर, एकही चौकोन रिकामा नाही. खाली पद्मजाबाईंनी लिहिलं होतं : 'वाढदिवसाला दोघांनीबी म्हणायचं. आमाले.'

मार्तंडरावांनी पेनाला टोपण लावलं.

"मुकुंदराव," ते हळूच म्हणाले, "तुमची चहाची भांडी इसळून झाली का?"