वसराम-चंपा यांच्या निर्दोष प्रेमाची मिसल

निजामाच्या अमलात हिंगोलीत परवानगीवाचून एक ओळही छापू नये, असा फसली तेराशे पन्नास सालचा दंडक होता, आणि तो योग्यच होता. काय वाचावे हे लोकांवर सोडले तर ते वाचूही लागतील, अशी भीती कोणत्याही जबाबदार सरकारला असतेच. त्यासाठी मजमून-तपासणी नावाची एक कचेरी होती आणि तिच्यासमोरच्या कडुनिंबाखाली सोनाजी ढाबे अर्जनवीस बसत असे.

सोनाजी वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत होता. अर्ज म्हटला की रडणे आलेच. कुणाचा बांध कोरलेला, कुणाचा बैल कोंडवाड्यात, कुणाच्या लेकीला जावई नांदवत नाही. संध्याकाळी सोनाजी घरी आला की दिवसभराची गाऱ्हाणी त्याच्या तोंडावर बसलेली असत. बायको जिवनबाईला त्यानेच अक्षर शिकवले होते. ती एकदा म्हणाली, "ज्यात कोणीच रडून राहिलं न्हाई, असं येक तरी लिवा. मला वाचून हसायचंय." हे सोनाजीच्या जिव्हारी लागले. सहा महिने खपून त्याने एक प्रेमकथा लिहिली.

प्रेमकथा खरी, पण धुतल्या तांदळासारखी. हट्टा गावचा वसराम आणि जवळा गावची चंपा आठवडी बाजारात भेटतात. तिची मिरच्यांची टोपली कलंडते. तो मिरच्या वेचतो आणि बोटाला बोट लागू नये म्हणून टोपली अदबीने जमिनीवर ठेवतो. तिचे नाव त्याला साठाव्या पानावर कळते. तोवर दर बाजारी तो तिच्याकडून मिरच्या घेत राहतो आणि त्याचे सगळे घर ठसक्याने बेजार होते. शेवटी वडीलधारे लग्न ठरवतात, ते मुख्यतः खोकला थांबावा म्हणून. लेकीने बापासमोर मोठ्याने वाचावे, असे हे पुस्तक होते.

फक्त वीस वर्षांची सवय आडवी आली. सोनाजीचा नायक पुस्तकात प्रवेश करतो तो 'वसराम वल्द थावरा, वय तेवीस, धंदा शेती, राहणार हट्टा' असा. प्रथम दर्शनाच्या जागेची चतुःसीमाही रीतसर दिली होती: पूर्वेस पिंपळ, पश्चिमेस तांबोळ्याचे दुकान. आणि एकशे बाराव्या पानावर अक्षता पडल्या, तशी त्याच्या हाताने त्याला न विचारता रोजची ओळ लिहून टाकली: 'वर लिहिलेला मजकूर खरा व बरोबर आहे.' खाली सही.

पुस्तक परवानगीसाठी कचेरीत दाखल झाले. तिथले पेशकार, म्हणजे कागदपत्रांचे कारकून, अजीजमियाँ भला माणूस. कागद आला की ते शेवटची ओळ आधी वाचत आणि बहुधा तिथेच थांबत. त्यांनी सोनाजीला बोलावून घेतले.

"खरं हाय म्हणून तुमीच लिवलं," ते म्हणाले. "खोटं असंल तर झूट्या बयानाचा मुकदमा व्हईल, तुमची अर्ज लिवायची सनद जाईल. खरं असंल तर चौकशी बराबर झाली पाहिजे. मला तकलीफ काहीच न्हाई, तुमी सांगा कोणतं."

सोनाजीने तेवढी ओळ खोडू देण्याची विनंती केली. पण दाखल झालेल्या कागदात खाडाखोड हा आणखी एक गुन्हा होता. खरे म्हणावे तर ते खोटे, खोटे म्हणावे तर सनद गेली, आणि पुस्तक परत मागावे तर जिवनबाई रोज 'कधी येऊन राहिलं?' विचारत होती. सोनाजी गप्प बसला. गप्प बसणे ही कबुली समजून नायक-नायिकेच्या नावे समन्स निघाले.

शिपाई दस्तगीर ते घेऊन हट्ट्याला गेला. असा माणूस गावात नाही, एवढे सांगितले असते तर काम मिटले असते. पण सरकारी कागद हातात घेऊन दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला 'माहीत नाही' म्हणणे कुणालाच बरे वाटेना. कुणी म्हणाले वसराम आत्ताच इथे होता, कुणी म्हणाले कालच गेला. जवळ्यालाही चंपाबद्दल हेच ऐकायला मिळाले. दस्तगीरने प्रामाणिकपणे लिहून दिले की, दोघेही एकाच दिवशी मिळून आले नाहीत. अजीजमियाँनी त्यातून कायदेशीर निष्कर्ष काढला: ज्या अर्थी दोघे एकाच दिवशी नाहीत, त्या अर्थी ते सोबत आहेत. मिसलीवर, म्हणजे चौकशीच्या फायलीवर, शेरा पडला, 'पळून गेले.' एकशे बारा पाने ज्याने बोट लावले नाही, तो वसराम दोन शब्दांत पोरगी घेऊन पसार झाला.

मग साक्षीदार आले. बोलवावे लागले नाहीत. त्यांचे इजहार, म्हणजे जबान्या, मराठीत लिहून घ्यायला कचेरीजवळ माणूस एकच होता. तेव्हा सोनाजीला निंबाखालून उठवून आत बसवण्यात आले.

हट्ट्याच्या ग्यानबाने दोघांना हळदीच्या शेतात पाहिले होते. पुस्तकात हळदीचे शेत नाही, हे सोनाजीने नम्रपणे निदर्शनास आणले. पुस्तकात नसेल, शेतात होते, असे ग्यानबाने लिहून घ्यायला लावले. त्यानंतर सखुबाई आली. तिचे भाजीचे दुकान तांबोळ्याला लागून होते.

"टोपली त्यानं खाली ठेवली," सोनाजीने तिला आठवण करून दिली.

"खाली काहून ठेवील? तुमी तितं व्हते का?"

"बाई, ती गोष्ट मीच लिवली."

"लिवणारा घरी बसून लिवतो. मी बाजारात व्हते."

सोनाजीने बोरू शाईत बुडवला. पुढे सखुबाईने जे सांगितले ते लिहिताना सोनाजीचे कान लाल झाले. तिसऱ्या पानावर अजीजमियाँनी पंखेवाल्याला बाहेर घालवले आणि दार लावून घेतले. आपल्या हाताने घडवलेल्या पोरीची अब्रू आपल्याच बोरूने जात असलेली पाहून सोनाजीला खरोखर रडू आले. पण शाई फुटेल म्हणून त्याने ते आवरले. एकूण सत्तावीस साक्षीदार झाले, सगळे प्रतिष्ठित आणि सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले.

मिसलीची नक्कल कोणालाही मागता येत असे. हायस्कुलाच्या हेडमास्तरांनी मागितली, विद्यार्थ्यांपासून नेमके काय लपवायचे ते कळावे म्हणून. कीर्तनकार बुवांनी निषेधासाठी मागितली. एका नकलेत निषेध पुरेसा होईना म्हणून दुसरीही नेली. अडत्यांच्या दुकानांत हळदीचे सौदे थांबवून इजहार मोठ्याने वाचले जाऊ लागले. नकला करण्याचे काम अर्थातच सोनाजीकडे आले. आयुष्यात त्याचे अक्षर इतक्या घरांत कधी गेले नव्हते.

आठ महिन्यांनी निकाल लागला. चौकशीत जे जे आक्षेपार्ह आढळले ते सर्व साक्षीदारांच्या तोंडी असून पुस्तकात त्यातले काहीही नाही. सबब पुस्तक निर्दोष, छापण्यास हरकत नाही. सनदही वाचली. अजीजमियाँनी सोनाजीचे अभिनंदन केले. पुस्तक कसे वाटले, असे त्याने भीत भीत विचारले. शेवटची ओळ फार आवडली, असे ते म्हणाले. मिसल मात्र त्यांनी दोनदा वाचली होती.

पुस्तक छापून आले. लोकांनी हातात घेतले, हळदीचे शेत शोधले, उलटसुलट पाने चाळली आणि परत दिले. सोनाजीवर अश्लीलतेचा आरोप कुणीच केला नाही. त्याने खरी हकीकत दडपली, असे मात्र सगळ्या तालुक्याचे मत पडले.

पहिली प्रत जिवनबाईने वाचली. ओळीखाली बोट ठेवून, दोन दिवस. वसरामचा म्हातारा बाप देवळात ऐन आरतीत ठसकतो तिथे ती इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली. चुलीपाशी बसून सोनाजी ते हसू ऐकत होता आणि आठ महिन्यांचे सगळे त्याला भरून पावले. तिने डोळे पुसले, पुस्तक छातीशी धरले आणि फार चांगले झाले म्हणाली. मग जरा जवळ सरकून आवाज उतरवला.

"आता ते सखुबाईचं तिसरं पान तेवढं वाचून दाखवा."

ते पान इथे दिलेले नाही. ही गोष्ट स्वच्छ आहे. आणि जिवनबाईला हसण्याआधी वाचकांनी इतकेच सांगावे की, आत्ता त्यांच्या मनात कशाची रुखरुख आहे: त्या एकशे बारा पानांची, की या एका पानाची? ज्यांना पुस्तक हवे असेल त्यांच्यासाठी सोनाजीच्या घरी प्रतींनी भरलेले कपाट आहे. कधीही यावे, गर्दी नसते. बाकीच्या सर्वांनी मिसलीच्या नकलेसाठी कचेरीसमोरच्या रांगेत उभे राहावे. ढकलाढकली करू नये, पुढे हेडमास्तर आहेत.