मिठातला बर्फ

भिकाजीपंतांनी कल्याणच्या मराठी शाळेत नऊ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, पण बर्फाचा धडा एकदाही शिकवला नाही. कारण त्यांनी बर्फ पाहिला नव्हता.

बारावा धडा संपला की ते मुलांना सरळ चौदावा काढायला सांगत. तेरावा पुस्तकात छापलेलाच नाही, अशा चेहऱ्यानं. एका तपासणीला डिपुटीसाहेबांनी विचारलं, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" पहिल्या नंबरचा मुलगा उठून म्हणाला, "आमच्या मास्तरांनी अजून पाहिला नाही, साहेब." डिपुटींनी भिकाजीपंतांकडे पाहिलं. भिकाजीपंत म्हणाले, "मुलगा खरं सांगतो आहे."

मी त्याच शाळेत दुय्यम मास्तर होतो. आज चाळिशी उलटल्यावर हे लिहायला बसलो आहे, ते त्यांची थट्टा करण्यासाठी नाही. थट्टा तेव्हा पुष्कळ झाली, आणि तीत माझा हात होता.

"पाहिलं कोणी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या काकू म्हणाल्या, पिंपळावर मुंजा आहे. "पाहिलं कोणी?" श्राद्धाला भटजी म्हणाले, पितर तृप्त झाले. "पाहिलं कोणी?" भटजी पुढच्या वर्षी नेमके त्याच तिथीला आजारी पडले.

वाचनाच्या पुस्तकातला देवमाशाचा धडाही असाच चार वर्षं पडून होता. मग वसईकडे किनाऱ्याला एक मेलेला देवमासा लागल्याची बातमी आली. भिकाजीपंतांनी रजा काढली, गेले, दोरीनं त्याची लांबी मोजून आणली आणि धडा शिकवला. वासासकट. मुलं दोन दिवस जेवेनात म्हणून आयांनी बोल लावला. मी म्हटलं, "अहो, वास पुस्तकात कुठे आहे?"

"नाही ना? म्हणून तर गेलो."

त्या वर्षी थंडीत ठाण्याला जिल्ह्यातल्या पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांची सभा भरायची होती. हुकूम असा आला, की प्रत्येकानं एक प्रयोग करून दाखवावा. ज्याचा उत्तम ठरेल त्याला चार महिने पुण्याला यंत्रांच्या वर्गाला पाठवू. तिथे भांड्यातली हवा ओढून घेणारा पंप होता, विजेचं चाक होतं, सूक्ष्मदर्शक होता. भिकाजीपंत तो हुकूम बंडीच्या खिशात घेऊन फिरू लागले. "वामनराव, माझे राहिलेले सातच्या सात धडे तिथे एका खोलीत आहेत हो!"

जायचं मलाही होतं. यंत्रांसाठी नव्हे. पुण्याहून परत येणाऱ्याला हेडमास्तरी मिळते असं ऐकलं होतं, आणि 'दुय्यम' या शब्दाला मी कंटाळलो होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. मी कुणालाच काही सांगत नसे.

त्यांनी प्रयोग निवडला बर्फाचा. सभेच्या दिवशी पहाटे मी मुंबईला जाऊन बर्फ घ्यायचा, सकाळच्या गाडीनं ठाण्याला आणायचा. त्यांनी तो जेवणानंतर सर्वांसमोर पाण्यात सोडायचा. प्रश्न एकच होता, तोपर्यंत टिकवायचा कसा?

"टिकवायचं म्हटलं की मीठ," भिकाजीपंत म्हणाले. "कैरी मिठात टिकते, लिंबू टिकतं, कोळ्यांची मासळी टिकते. बर्फानं काय घोडं मारलंय? तुम्ही मुंबईला पाहिला आहे बर्फ. बरोबर ना?"

मी पाहिला होता. मुंबईला मामांच्या शेजारी एक पारशी कुटुंब राहत असे. त्यांचा आचारी दुधाचं भांडं बर्फात ठेवून वरून मुठी मुठी मीठ टाकायचा, आणि बादलीच्या भोकातून बर्फाचं पाणी धो धो वाहायचं. दूध गोठायचं, बर्फ संपायचा.

मी म्हणालो, "बरोबर."

एवढाच माझा गुन्हा. चार अक्षरांचा.

शाळेतल्या एका मुलाचा बाप मिठागरावर कामाला होता. त्यानं गोणीभर मीठ आणून ओटीवर टाकलं आणि विचारलं, "मास्तर, येवरं मीठ कनाला? लगीन हाय का घरान?"

"सभा आहे," भिकाजीपंत म्हणाले.

"मंग जेवान खारट व्हनार," असं म्हणून तो गेला.

ठाण्याच्या स्टेशनावर मी लाकडी पेटी उतरवली, तेव्हा भिकाजीपंत गोणी घेऊन हजर होते. पेटी उघडणार तोच त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "मीठ तुम्ही घाला. मी आत्ता बघणार नाही. सगळ्यांच्या आधी पाहिला तर ती लबाडी होईल." ते रुळांकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी त्यांच्या पाठीमागे भुसा बाजूला सारून दोन पायली मीठ बर्फावर ओतलं.

सभेत सकाळी भाषणं झाली. मग माझा प्रयोग झाला: शिवणाची सुई लोहचुंबकावर घासून पाण्यात बुचावर तरंगत ठेवली, ती उत्तरेकडे वळली. डिपुटीसाहेबांनी मान डोलावली. जेवणानंतर भिकाजीपंत पुढे आले. त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. पाण्याचं घंगाळ मांडलं, बर्फ का तरंगतो याचं तोंडपाठ केलेलं विवेचन केलं, आणि झाकण काढलं.

आत गढूळ पाणी होतं. त्यावर भुसा तरंगत होता.

भिकाजीपंतांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. "खारट आहे," ते म्हणाले. मग पुन्हा बुडवलं. "आणि फारच थंड."

डिपुटीसाहेब म्हणाले, "भिकाजीपंत, हा तर लोणच्याचा खार! कैऱ्या कुठे आहेत?" सगळी सभा हसली. मीही हसलो. न हसलो असतो तर कुणाला संशय आला असता, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

पुण्याला मी गेलो. चार महिन्यांनी परत आलो, त्या दिवशी दिवेलागणीला भिकाजीपंतांच्या घरी गेलो. त्यांना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. दोन पाट मांडलेले होते. "बसा. पंपापासून सुरू करा," ते म्हणाले. आठ संध्याकाळी मी सांगत होतो आणि ते लिहून घेत होते. पंपाची दांडी कुठल्या हातानं धरतात हेसुद्धा. 'पाहिलं कोणी' एकदाही म्हणाले नाहीत.

नवव्या संध्याकाळी मला ते सोसवेना. म्हटलं, "भिकाजीपंत, मिठानं बर्फ वितळतो. मला तेव्हाही ठाऊक होतं."

त्यांनी टाक खाली ठेवला. "मला संशय आला होता."

"केव्हा? पेटी उघडल्यावर?"

"छे. तुम्ही 'बरोबर' म्हणालात तेव्हाच. एरवी माझ्याशी घटकाभर वाद घातल्याशिवाय तुम्ही कधी काही बरोबर म्हटलंय?"

"मग मला मीठ घालू दिलंत कशाला?"

त्यांनी वही जवळ ओढली. "म्हटलं, एवढ्या गावात एकाचं तरी न तपासता खरं मानावं. नाहीतर माणसानं राहायचं कुणाच्या आधारानं?" मग वहीचं पान उलटत म्हणाले, "सूक्ष्मदर्शक अर्धाच राहिला आहे. उद्या याल ना?"

मी म्हटलं, "येईन."

वर मी त्या 'बरोबर'ला गुन्हा म्हटलं. तो खरा नव्हे. खरा हा, की दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. शरमेनं गेलो नाही. मग, गेलो नाही या शरमेनं गेलो नाही. शाळेत आम्ही भेटत होतो, नमस्कार होत होते. सूक्ष्मदर्शकाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. दोन महिन्यांनी मला हेडमास्तरी मिळाली, ठाण्याला. तिथे मी तेरा वर्षं आहे. भिकाजीपंत गेले, त्यालाही आता तीन वर्षं झाली.

ठाण्याहून कल्याण आगगाडीनं तासाभराचंसुद्धा अंतर नाही.