चौथा पिस्टन

शितोळेकाकांची छत्री, दळणाचा डबा, चष्म्याचं घर आणि पायातल्या चपला या सगळ्यांवर कुठंतरी लपवून काढलेले तीन ठिपके आहेत. लाल ऑइलपेंटचे, त्रिकोणात मांडलेले. वस्तू घराबाहेर जाणार असली की आधी तिच्यावर ठिपके पडतात आणि परत आली की काका दारातच ते शोधतात. एकदा मी गिरणीत निघाले होते म्हणून त्यांचाही डबा नेला. परत आल्यावर त्यांनी माझ्यादेखत डबा उलटा करून ठिपके पाहिले, मग झाकणाचे वेगळे पाहिले.

"काका, माझ्यावरही संशय?"

"तुझ्यावर नाही, गिरणीवाल्यावर. तू मध्ये होतीस एवढंच."

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे अशा बोलण्याची मला सवय आहे. काका पूर्वी एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्रांचे सुटे भाग यायचे, काका मोजमापं घ्यायचे आणि पास झालेल्या भागावर टोकदार पोलादी पंच ठेवून हातोडीने तीन ठिपके ठोकायचे. नोकरी संपली, ठिपके राहिले. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ त्यांनी त्याच संध्याकाळी उघडून आतलं मशीन पाहिलं होतं. काकू म्हणतात, "माझ्यावर तेवढे ठिपके नाहीत. चाळीस वर्षं झाली, अजून पास केलं नाहीये मला."

काकांचं एक ठरलेलं वाक्य आहे. त्यांना काहीही सांगितलं की ते शांतपणे म्हणतात, "असं तो म्हणतो." दूधवाला म्हणाला उद्या दूध येणार नाही, "असं तो म्हणतो." डॉक्टर म्हणाले साखर वाढली आहे, "असं तो म्हणतो." एकदा मी म्हटलं, काका, आज एकादशी. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं आणि म्हणाले, "असं ते म्हणतं."

अशा माणसाकडे जुनी मोटार असावी हा त्या मोटारीचा भोग. पांढरी, चौकोनी, तिच्या वयाच्या बहुतेक गाड्या भंगारात गेलेल्या. काका दर रविवारी काकूंना घेऊन मंडईत जातात. गेल्या वर्षभरात मात्र गाडी सुरू केली की मागून निळा धूर इतका यायचा की खालच्या मजल्यावरच्या बायका वाळत घातलेले कपडे आत न्यायच्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, आतल्या रिंगा झिजल्यात, हे एव्हाना आमच्या वॉचमनलाही पाठ झालं होतं. त्यात दोन महिन्यांवर गाडीचं पासिंग आलं. धूर ओकणारी गाडी पास होणार नव्हती आणि पास न झालेली गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती.

दोन मार्ग होते. आहे तेच इंजिन पूर्ण उघडायचं, सिलिंडर घासून मोठे करायचे, नवे पिस्टन-रिंगा टाकून पुन्हा बांधायचं. नाहीतर ते उतरवून नंतरच्या मॉडेलचं जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं आणि आरटीओकडे त्याची नोंद करायची.

वाघोलीच्या एका चकाचक गॅरेजमध्ये काका मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. तिथल्या तरुणाने बॉनेट उघडलं, कान लावला आणि म्हणाला, "काका, रीबिल्ड इज वेस्ट. डायरेक्ट अपग्रेड करू. पाचवा गिअर मिळेल, पिकअप मस्त, हायवेला एकदम स्मूथ."

"मला मंडईत जायचंय," काका म्हणाले. "तिथं पाचव्या गिअरला जागा आहे का?"

मला वाटलं, संपलं. हा माणूस आता पुण्यातली उरलेली सगळी गॅरेजेस पाहणार. पण घरी येताना काका अचानक म्हणाले, "बदलूनच टाकू. फक्त एक अट घालायची. जुनं इंजिन त्यांनी उघडायचं नाही. आहे तसं बंद उतरवायचं, बंदच भंगारात द्यायचं."

आता संशय मला आला. बिस्किटाचा पुडा फोडून आतली बिस्किटं मोजणारा हा माणूस. अख्खं इंजिन, आत काय आहे ते न बघता देऊन टाकणार? मी दोन दिवस त्यांच्यावर पाळत ठेवली. संध्याकाळी ते खाली गाडीपाशी जात, बॉनेट उघडत, नुसतं बघत उभे राहत आणि बंद करून वर येत. तिसऱ्या दिवशी मी जिन्यातच त्यांना गाठलं.

"त्या इंजिनात काय लपवलंय?"

"मी नाही लपवलं," काका म्हणाले. "लपवलं असेल तर उस्मानने."

उस्मानभाई म्हणजे मंडईमागच्या गल्लीतले मेकॅनिक आणि एकेकाळचे काकांचे जिवलग मित्र. काका रविवारी काकूंना भाजीला सोडत आणि स्वतः उस्मानभाईंच्या गॅरेजमध्ये चहा पीत गप्पा मारत बसत. बावीस वर्षांपूर्वी उस्मानभाईंनीच हे इंजिन बांधलं होतं. चारही नवे पिस्टन काकांनी स्वतः आणले होते. इंजिनात जाण्याआधी प्रत्येक पिस्टनच्या आतल्या बाजूला काका तीन ठिपके ठोकत आणि मग तो उस्मानभाईंच्या हातात देत. तीन पिस्टन गेले. दुपार झाली होती, मे महिना होता आणि उस्मानभाईंच्या घरून आमरसाचा डबा आला होता. जेवण झाल्यावर उस्मानभाई म्हणाले, "साहेब, जरा पडा." काका गॅरेजमधल्या बाजेवर पडले. जागे झाले तेव्हा चौथाही आत जाऊन इंजिन खालून बंद झालं होतं.

"चौथ्यावर ठिपके नव्हते," काका म्हणाले. "आणि मला आमरस वाढून झोपवलं होतं."

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारून काय? पिस्टन बदलला असला तरी, तुमचाच आहे, असं तो म्हणाला असता. महिन्याभरात धूर दिसला. मग गेलोच नाही."

तेव्हापासून काका गाडी मंडईच्या पार दुसऱ्या बाजूला लावतात आणि काकू पिशव्या घेऊन तेवढं अंतर चालतात. मी मनात हिशेब जुळवला आणि न राहवून बोलले, "काका, पिस्टन बदललेला निघाला तर तुम्ही बरोबर ठरता. मग उघडायला घाबरता कशाला? बदललेला नसेल तर, याची भीती वाटतेय तुम्हाला."

काका उरलेल्या पायऱ्या चढून घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला, वरची खिटी लागली, मग साखळीसुद्धा.

पुढच्या रविवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट घातलेले. "चल. साक्षीदार लागेल."

गल्ली शोधावी लागली नाही. गॅरेज आता उस्मानभाईंचा मुलगा रफिक चालवतो. उस्मानभाई भिंतीकडच्या बाजेवर बसून होते, दाढी पांढरी, डोळ्यांना जाड भिंगं. आमच्या गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"शितोळेसाहेबांची गाडी," ते रफिकला म्हणाले. "रिंगा गेल्यात. घे आत."

बोलणं एवढंच झालं. काका स्टुलावर बसले, मी दुसऱ्या स्टुलावर, आणि रफिकने इंजिन उतरवून खोलायला घेतलं. दुपारपर्यंत काका हलले नाहीत. पहिला पिस्टन निघाला, रफिकने पुसून दिला. काकांनी खिशातलं भिंग काढलं. तीन ठिपके. दुसरा, तिसरा, तसेच. चौथा काकांनी आपल्या रुमालाने पुन्हा एकदा पुसला. त्यांनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मी वाकून पाहिलं.

तीन ठिपके होते. पण वाकडे. त्रिकोण एका बाजूला कलंडलेला, एक ठिपका खोल, दोन उथळ. तो हात तपासनिसाचा नव्हता.

"माझ्याकडून राहिला होता हा," काका हळू म्हणाले.

"हो," उस्मानभाई म्हणाले. "तुम्हाला गाढ झोप लागली होती, उठवायचं जिवावर आलं. म्हटलं, उद्या कधी उघडलं आणि एकावर खूण नसली तर साहेबांना झोप यायची नाही. म्हणून मीच मारले. मला जमले नाहीत नीट. उठल्यावर विचाराल, मग सांगू, असं ठरवलं होतं. तुम्ही विचारलंच नाही."

"पण धूर..."

"नवं बांधलेलं इंजिन थोडे दिवस टाकतंच धूर. तुम्ही आला असता तर सांगितलं असतं. पिस्टन तुमचाच आहे, साहेब."

मी वाट पाहत होते. वाकडे ठिपके दुसऱ्या कुठल्याही पिस्टनवर मारता आले असते, हे माझ्यासारखीला सुचलं, म्हणजे काकांना सुचलं नसेल का? आता येणार ते वाक्य. काकांनी भिंग खिशात ठेवलं. चौथा पिस्टन रुमालात गुंडाळला. वाक्य आलं नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ते उगाच गाडीच्या टायरकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षांचे रविवार या माणसाने न विचारलेल्या एका प्रश्नापायी घालवले होते.

"बांधायचं की बदलायचं, साहेब?" रफिकने विचारलं.

"बांध," काका म्हणाले.

सिलिंडर घासून यायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी काकूंनी डबा भरून दिला, पुरणपोळ्यांचा, दोघांचा नव्हे चौघांचा. जेवणं झाली. रफिकने नवे पिस्टन कापडावर मांडले आणि उस्मानभाईंनी पंच आणि हातोडी काकांपुढे धरली. "मारा ठिपके."

काकांनी हत्याराकडे पाहिलं, मग बाजेकडे.

"उस्मान," ते म्हणाले, "जरा पडतो मी."

चपला काढून बाजेखाली ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून ते झोपले. मला वाटलं, सोंग आहे, एक कान इकडे असणार. मी जवळ जाऊन पाहिलं. काका चक्क घोरत होते.

उस्मानभाईंनी पहिला पिस्टन मांडीवर घेतला, भिंगं नाकावर सरकवली आणि पंचाच्या डोक्यावर फडक्याची घडी ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.