न मोजलेली माती

लग्न होऊन रोह्याहून मी या गावात आले, तेव्हा माप ओलांडायच्या आधी एक गृहस्थ माझ्या पायाशी वाकले आणि त्यांनी टेप काढून उंबरठ्याची उंची मोजली. मला वाटलं, यांच्याकडची रीत असेल. मी आपली मान खाली घालून उभी. सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाळारामभावजी, आज तरी नको."

बाळारामकाका नात्याने माझे चुलत सासरे आणि सख्खे शेजारी. आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. काकांनी तीस वर्षं कासूवरून गाडी पकडून रोहा आणि तिथून बसने धाटाव गाठलं. तिथल्या एका केमिकल कंपनीत त्यांचं काम एकच. उंच टाक्यांवर चढायचं, पितळी वजन लावलेली टेप आत सोडायची आणि माल किती शिल्लक आहे ते खाली येऊन सांगायचं. "बाहेरनं बघणाऱ्याला टाकी भरलेलीच दिसते," असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर टाक्या सुटल्या, टेप मात्र खिशातच राहिली.

त्यांचं एक वाक्य गावात पोराटोरांनाही पाठ आहे. "मोजलंस काय?" पोरगा बारीक झालाय, असं कुणी म्हटलं की, "मोजलंस काय गो?" सासूबाई एकदा म्हणाल्या, पायाला मुंग्या आल्यात. काकांनी गंभीरपणे विचारलं, "मोजल्यास काय?" त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना चहा दिला नाही.

आता आमच्या गावाचं म्हणणं नेमकं उलटं. चांगलं ते मोजू नये. पोरं मोजू नयेत, नजर लागते. म्हाताऱ्याचं वय विचारू नये, उतरती कळा लागते. त्यामुळे काका अंगणात आले की बायका लेकरांना आत ओढायच्या. मीही काही वेगळी नव्हते. आमच्या उंबरठ्याची उंची त्यांना ठाऊक होती. तो खाडीच्या पाण्याच्या किती वर आहे, हे सांगायला ते दोनदा घरी आले. दोन्ही वेळा मी म्हटलं, "सांगू नका, काका. कळलं तर झोप लागायची नाही."

कारण गाव आणि खाडी यांच्यामध्ये आहे फक्त एक मातीचा बांध. तो फुटला तर खारं पाणी आधी भातशेतीत आणि मग घरात. बांधाच्या मधोमध शेंदूर फासलेला धोंडा आहे, तीच आमची आई. दरवर्षी सगळ्या बांधावर गाव नवी माती घालतं, पण आईच्या दोन्ही अंगांची वीसेक पावलं सोडून. तिथे फावडं लावायचं नाही. तेवढा बांध आई स्वतः राखते. आणि त्या वीस पावलांच्या बरोबर मागे पहिलं घर आमचं.

काकांनी गेल्या वर्षी तीच वीस पावलं मोजायचं काढलं. गावात बैठक बसली. आईवर भरवसा नाही का, असं चारचौघांनी त्यांना विचारलं. काका उठून उभे राहिले.

"भरवसा हाय म्हणून तर मोजतो. खरं सांगितल्यावर जिला राग येयाचा, ती आई कसली?"

शेवटी आईचाच कौल घ्यायचं ठरलं. गुरवाने धोंड्याला दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फुलं पडायचं नाव घेईनात. ऊन डोक्यावर आलं. काकांनी घड्याळ बघून जाहीर केलं, "दोन तास अकरा मिन्टं." लोकांना भुका लागल्या होत्या. आई गप्प म्हणजे नकारच, असा अर्थ लावून सगळे जेवायला गेले. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

काका उठले नाहीत. शेवटी सासूबाईंनी माझ्या हाती डबा पाठवला. काका जेवले, हात धुतले आणि पिशवीतून गवंडी पातळी बघायला वापरतात ती पाणी भरलेली लांब नळी काढली. तिचं एक टोक माझ्यासमोर धरलं. "धर गो. ह्ये एकट्याला जमत नाय."

का धरलं, ते आजही सांगता येत नाही. मी आईपाशी उभी राहिले, काका पलीकडे, दरवर्षी माती पडते त्या बांधावर. नळीतलं पाणी हलत होतं. ते ओरडले, "पाणी नाय हलत, तुझा हात हलतोय." मी श्वास रोखला. पाणी थांबलं. आईजवळचा बांध दीड हात खाली होता.

 काका तिथल्या मातीतले खळगे बघत बसले. मुठीएवढे, चिमटीएवढे. मग माझ्या ध्यानात आलं. गावात कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतीण झाली, कुणी परगावी निघालं, की तिथलीच माती कपाळाला लावायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मीही पदरात बांधून नेली होती. आईचा बांध आम्हीच खाल्ला होता, आणि तोही मायेने.

संध्याकाळी काकांनी भाषण दिलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना एकेक करून बोलावलं आणि त्यांच्याच हातात नळी दिली. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं.  पहिलं घमेलं आणलं माझ्या सासूबाईंनी. तेव्हापासून गावात नवी रीत पडली. आईकडून चिमूटभर न्यायची, तिला घमेलंभर द्यायची.

पुढच्या पावसाळ्यात एका अमावास्येच्या उधाणाला पाणी चढत चढत नव्या मातीच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. घरात माझी लेक झोपली होती. लोक म्हणाले, आईने राखलं. काका म्हणाले, "व्हय." मी आधी आईला हात जोडले, मग काकांच्या पाया पडले. माझी लेक कोरड्या अंथरुणात झोपली ती या माणसामुळे, हे मी कधी विसरणार नाही.

मात्र एक गोष्ट मला उमगत नव्हती. बाकीचे निमित्ताने माती टाकतात, काका रोज सकाळी घमेलं घेऊन जातात. बांध आता पुरेसा उंच आहे, तो त्यांनीच मोजलाय. परवा मी वाटेत गाठून विचारलं. त्यांनी डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं.

"तुझी काकी आजारी होती तवा मी रोज मूठभर न्यायचा तिच्या कपाळाला. डॉक्टर सांगत होता, किती दिवस हायेत ते. मी म्हटलं, सांगू नको. मुठीबी नाय मोजल्या. एवढीच गोष्ट मोजली नाय बघ जन्मात."

काकींना मी कधी पाहिलं नाही, माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या. मी घमेल्याला दुसऱ्या बाजूने हात लावला. आम्ही दोघांनी ते आईपाशी रिकामं केलं. काका वाकून हाताने माती सारखी करत राहिले.

"तेवढी झाली असेल ना हो परत?" मी विचारलं.

"म्हाईत नाय," ते म्हणाले. "तू मोजू नको गो."