रफिकभाऊंची मागची खोली

आमचे शेजारी रफिकभाऊ कुठलीही वस्तू फेकण्याआधी ओसरीवर येतात आणि अख्ख्या गल्लीला विचारतात, "हे कोणी धरून आहे का?" कोणी बोललं नाही तर वस्तू कचऱ्यात. रद्दी असो, तुटकी चप्पल असो, न्याय एकच. एकदा समोरच्या म्हातारीनं गंमत म्हणून सांगितलं, "हो, मी आहो धरून." तेव्हापासून फुटकी बादली ओसरीवरच. येणारा-जाणारा अडखळायचा. शेवटी म्हातारीच वैतागून ओरडली, "सोडली रे बाबा!" त्याच क्षणी बादली गेली.

माझा ब्रह्मपुरीत बिछायतीचा धंदा आहे. मंडप, गाद्या, गंज-पराती अशी मोठी भांडी लग्नांना भाड्यानं देते. डोक्यावर सतरंज्या वाहून सुरुवात केली; आज स्वतःचं गोदाम आहे. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही. रफिकभाऊंनी हरवलं, तेही भाव न करता. तो राग अजून गेलेला नाही.

ते घरी बसून एका परदेशी कंपनीचं काम करतात. कॉम्प्युटर ज्या सिस्टीमवर चालतो, तिची दुरुस्ती. काय करता म्हणून विचारलं, तर माझ्याच गोदामाकडे बोट दाखवलं. लगीनसराई होती. किल्ली माझ्या कमरेला, एका वेळी एकालाच आत सोडायची. एक गडी आत सतरंज्या मोजतोय, बाकीचे उन्हात उभे.

"बाई, चमचे पाहिजे असणाऱ्याले सतरंजीवाल्यासाठी काऊन थांबवता?"

"चोरी होते म्हणून!"

"कॉम्प्युटरच्या मेमरीतबी असंच मोठं कुलूप होतं. एक आत, सारे बाहेर. भीती एकच, कोणी वापरून राह्यला अन् दुसऱ्यानं ती जागा मोडून टाकली तं? मी कुलूप काढून राह्यलो. जो वापरते त्याची खूण ठेवायची. निघताना त्यानं खूण काढायची. शेवटची खूण निघाली का जागा मोकळी."

मला पटलं. दाराशी खिळे ठोकले. आत जाणाऱ्यानं आपली चिंधी टांगायची, निघताना काढायची, शेवटच्यानं दार लावायचं. कामं भराभर होऊ लागली. मग आमचा गडी मारोती चिंधी न काढताच आपल्या गावी, सावलीला, निघून गेला. चिंधी दिसते म्हणजे मारोती आत आहे, असं समजून दार कोणी लावलंच नाही. सकाळी पाहते तर नवरदेवाच्या गादीवर कुत्री व्यालेली!

मी रफिकभाऊंच्या ओसरीवर जाऊन आरडाओरडा केला. ते उलट खूश झाले. "अगदी हीच चूक, बाई! गेलेल्यानं खूण काढली नाई, तं जागा जन्मभर अडून राहते. मी दिवसभर लोकांच्या ह्याच चुका शोधतो." पिल्लांसाठी दूध मात्र त्यांनीच आणलं.

माझी खरी तक्रार त्यांच्या मागच्या खोलीबद्दल. माझ्या गोदामाला लागून आहे, रिकामी आहे. मी भाडं सांगितलं, वाढवलं, पुन्हा वाढवलं. हा माणूस एकच बोले, "ते कोणी धरून आहे, बाई." मला खात्री होती, मेन रोडवरच्या मंडपवाल्यानं आधीच गाठलं असणार. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एका दुपारी त्यांच्या अंगणातून सरळ मागे गेले आणि खोलीचं दार ढकललं.

आत खाट होती. धुतलेली चादर, मच्छरदाणी, खुंटीवर ओढणी. वानरांनी छपराचे कवेलू फोडलेले, त्यातून उन्हाचा पट्टा थेट गादीवर पडलेला.

रफिकभाऊ मागे येऊन उभे राहिले.

"नूरीची आहे. माझी लहान बहीण. आपल्या मनानं लग्न केलं म्हणून अब्बांनी घराबाहेर काढली. जाताना म्हणे, भाईजान, माझ्या खोलीले कोणाले हात लावू देऊ नका."

"आता अब्बा नाईत. मंग येत काऊन नाई?"

"माहीत नाई. फोन लागत नाई."

"अहो, तुम्हीच तं म्हणता, गेलेल्यानं खूण काढली नाई तं जागा अडते. ही तुमच्या धंद्यातली चूक होय का नाई?"

"होय," ते म्हणाले. चादरीची सुरकुती हातानं सारखी केली. "पण सोडली असं तिनं म्हटलं नाई ना, बाई."

मी भांडायला आले होते. वर पाहिलं. "कवेलू फेरून घ्या लवकर. पाणी आलं का गादी सडेल. उद्या माझी माणसं पाठवते."

"किती घ्याल?"

गल्लीतल्या कोणालाही विचारा, भाव सांगायला मला कधी वेळ लागत नाही. त्या दिवशी पैशाचं नाव काढलं म्हणून मी त्यांनाच दोन शब्द सुनावले आणि शिडी कुठे टेकेल ते बघायला बाहेर आले.