मामांच्या विजा

वीज चमकली की माणसं दार लावून घेतात. आमचे दौलतमामा अंगणात जाऊन तिचं नाव सांगत.

मामा पलूसचे. महायुद्धात बसऱ्याला गेले. बाकीचे जवान येताना ट्रंका घेऊन आले, मामा विजेचे शब्द. छावणीतल्या म्हाताऱ्या अरब धोब्यानं शिकवलेले. "आपल्यात वीज म्हंजी वीज. तिकडं चमकंल तसं नाव," असं ते सांगत. आणि ती नावं आभाळात थांबत नसत, माणसांना चिकटत. चमकून पाऊस न पाडणारी ती 'बर्क खुल्लब'. म्हणून उद्या बैल देतो सांगून न देणारा शेजारीही खुल्लब. चमकून वर गडगडली की 'अब्रक व अर्अद', ही मामी. लखलखाटानं दिपून माणूस खुळावला की 'बरिक'. तो मान माझा. "या बरिकराव!" अशी हाक आली की मी खरोखरच गोंधळून चपलांसकट स्वयंपाकघरात शिरे.

मामांची ही सगळी भाषा कळायची ती एकट्या त्यांच्या लेकीला, शेवंताला. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांना मामांनी तोंडावर खुल्लब म्हणून वाटेला लावलं होतं. त्यामुळं लोणंदचे पाहुणे आले तेव्हा मामीनं मला कोपऱ्यात गाठलं.

"पोरीच्या मनात हाय हे स्थळ. तुज्या मामांचं त्वांड रिकामं ठिवू नगंस!"

मी विड्यावर विडा देत सुटलो. मुलाचा बाप मळा, विहीर, बैलजोडी असा गडगडत होता. मामांचे गाल फुगलेले, डोळे मात्र मुलावर. शेवंता सुपारी घेऊन आली. मुलगा खाली मान घालून ओठांच्या कडेला जेमतेम हसला. तीही तशीच हसली. मामांनी उठून पिंक टाकली. मी घाईनं पुढचा विडा पुढं केला.

"वमीद!" मामा म्हणाले.

"म्हंजी काय वो?" मुलाचा बाप बिथरला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, मी आढ्याकडं.

"ढगाच्या कडंला बारीक लुकलुकती ती," मामाच म्हणाले. "चोरून हसण्यालाबी त्येच म्हणत्यात. ठरलं म्हणा."

साखर वाटून झाली, पाहुणे गेले. मामा गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे होते.

"मामा, बाप नुसताच गडगडणारा. तरी हो म्हणालात?"

"पोरगी हसली न्हवं? मग बापाकडं काय बगायचं?" त्यांनी बैलापुढं वैरण सारली. "लोणंदला गाडी थांबती का रं?"

"थांबते की."

"किती येळ?"

"इंजिनात पाणी भरेपर्यंत. पण तुम्हाला तर उतरायचंच असणार."

"उतरून काय करू? तिला मूल हुईस्तवर तिच्या घरचं पाणीबी चालत न्हाई आपल्याला." मामांनी बैलाच्या पाठीवरची नसलेली गोचीड काढली. "पर ती फलाटावर आली आन् मी डब्यातनं बगितली, तर कोण आडवतंय? गाडी फुडं पुण्याला जाती न्हवं?"

"जाते. पण पुण्याला तुमचं काय काम?"

"काडू की कायतरी."