झाडामागचे अण्णा

टिळकवाडीतले आमचे शेजारी अण्णा वकील कोर्टात कुणाला हार जात नाहीत. मराठीत सुरू झालेलं भांडण कानडीत जिंकून येतात. पण घरी येऊन काळा कोट खुंटीला लावला, की हा माणूस झाडामागं लपून बसतो.

झाड टीव्हीतलं. सदलग्याहून बिऱ्हाड हलवताना अण्णांनी निम्मं सामान वाटून टाकलं, पण शाळेत असतानाचा व्हिडिओ गेम मात्र मांडीवर घेऊन आले. दोन शिपाई गोळ्या झाडत जंगलातून धावतात, तो गेम. कॅसेटला फुंकर मारल्याशिवाय चालत नाही. फुंकर मारताना अण्णांचा चेहरा देवघरातल्यासारखा होतो.

मी एकदा त्यांना माझ्या मोबाइलवरचा गेम दाखवला. मेलं तर पैसे भरून पुन्हा उठता येतं, म्हणालो.

"आन शेजारच्यानं आपला जीव दिला तर?"

"अण्णा, शेजारी कुणी नसतंच यात."

"मग खेळतोस कशाला रं, खुळ्यागत?"

त्यांच्या गेममध्ये ती सोय आहे. आपले जीव संपले, की बटण दाबून जोडीदाराचा एक घ्यायचा. शत्रू टिपत राहिलं की जीव वाढतात. अण्णा झाडाआडून नेमके टिपतात आणि वाढलेले जीव सांभाळून ठेवतात. पुढं म्हणून सरकत नाहीत. ते हलल्याशिवाय पडदाही हलत नाही, त्यामुळं मी कडेला अडकून मरतो.

परवा शनिवारी दुपारी असाच मेलो. त्यांचा एक जीव घ्यायला बटणाकडं बोट नेलं, तर फटका बसला.

"हात लावू नकोस. ठेवल्यात ते."

"कुणासाठी? लोणचं घालताय काय?"

तेवढ्यात फाटक वाजलं. त्यांचा धाकटा भाऊ बाळू डायलिसिस करून आला होता. दंडाला चिकटपट्टी, चेहरा ओढलेला. अण्णांनी गेम थांबवला, माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि त्याच्या हातात दिला.

"किती हाइत, अण्णा?"

"लई हाइत. घे."

बाळूची बोटं बटणांवर उशिरा पडत होती. चार पावलं गेला की तो मरायचा आणि बटण दाबून अण्णांचा एक जीव घ्यायचा. अण्णा झाडामागून म्हणायचे, "घे की. हाइत अजून."

वहिनींनी मला स्वयंपाकघरात चहा दिला. हळूच म्हणाल्या, "ह्यास्नी आपली किडनी भावजीस्नी द्यायची व्हती. पार दवाखान्यापतूर गेलते. शुगर हाय म्हणून डॉक्टरांनी न्हाय म्हटलं. तितं बी कोर्टातल्यागत भांडले, मराठीत, कानडीत. कुणी ऐकलं न्हाय."

कप हातात घेऊन मी बाहेर येऊन उभा राहिलो.

अण्णांकडचे राखलेले जीव संपले होते. आता त्यांचा एक शिपाई उरला होता आणि बाळूचा एक. पुढं तोफ होती. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अण्णांचा शिपाई झाडामागून बाहेर पडला. बाळूच्या पुढं धावला, तोफ फोडली आणि तिथंच पडला.

अण्णांनी रिमोट मांडीवर ठेवला. बाळू थांबून त्यांच्याकडं बघू लागला.

"माझ्याकडं काय बघतोस?" अण्णा पडद्याकडं बघत म्हणाले. "वाट मोकळी हाय. पळ रं बाळू, पळ!"